गोल बटण दाबा

(आधीच सांगतो: या लेखात 'गॉड ऑफ वॉर' मालिकेतल्या जवळजवळ सगळ्या गेम्सचे शेवट फोडले आहेत. खेळायचे बाकी असतील तर आधी खेळून या, लेख कुठे पळून जात नाही :))

'गॉड ऑफ वॉर'चं नाव काढलं की मला दोन जातीची माणसं भेटतात. पहिली जात प्लेस्टेशन २ वाली. त्यांच्यासाठी क्रेटॉस म्हणजे टकला, पांढराफटक, अंगावर लाल पट्टा गोंदवलेला आणि कायम ओरडणारा माणूस. दुसरी जात २०१८ नंतरची. त्यांचा क्रेटॉस दाढीवाला, मोजकं बोलणारा, मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही या विचारात अडकलेला बाप. पहिले म्हणतात, सोनीने आमच्या वाघाची मांजर केली. दुसरे म्हणतात, जुने गेम म्हणजे नुसता खाटीकखाना, त्यात बघण्यासारखं काय होतं?

मला दोन्ही पटत नाही. सगळी मालिका ओळीने खेळली तर लक्षात येतं की ही एकाच माणसाची एकच गोष्ट आहे. ती संवादांत जेवढी आहे, त्याहून जास्त कंट्रोलरच्या बटणांत आहे. विशेषतः त्या गोल बटणात.

सुरुवातीपासून सांगतो.

२००२ च्या आसपास सोनीच्या सँटा मोनिका स्टुडिओत डेव्हिड जॅफीने या गेमचं काम सुरू केलं. स्टुडिओच्या नावावर तोपर्यंत एकच गेम होता, 'कायनेटिका' (२००१) नावाचा शर्यतीचा गेम. त्याचंच इंजिन घेऊन यांनी ग्रीक पुराण उभं करायला घेतलं. जॅफीने आपल्या उसनवाऱ्या कधी लपवल्या नाहीत. कॅपकॉमचा 'ओनिमुशा' खेळून त्याला वाटलं होतं की हेच ग्रीक पुराणात करू या. शिवाय लहानपणी पाहिलेला 'क्लॅश ऑफ द टायटन्स' (१९८१) हा सिनेमा डोक्यात होताच. (त्या सिनेमात पर्सियस झालेल्या हॅरी हॅमलिननेच पुढे दुसऱ्या गेममध्ये पर्सियसला आवाज दिला. आणि क्रेटॉसने त्याला मारलं!)

२२ मार्च २००५ ला पहिला 'गॉड ऑफ वॉर' आला. गेमची सुरुवातच नायक कड्यावरून समुद्रात उडी टाकतो तिथे होते. मग गोष्ट तीन आठवडे मागे जाते.

क्रेटॉस हा स्पार्टाचा सेनापती. रानटी टोळीशी लढताना मरायची वेळ येते तेव्हा तो युद्धदेव एरीसला हाक मारतो: मला वाचव, माझा जीव तुझा. एरीस त्याला साखळ्यांनी हातांना कायमची जोडलेली दोन पाती देतो, 'ब्लेड्स ऑफ केऑस'. पुढे एरीसच्या हुकमावरून एका गावाची कत्तल करताना क्रेटॉस देवळात शिरतो आणि आत जे कोणी असेल त्याला कापून काढतो. भानावर येतो तेव्हा समोर स्वतःची बायको आणि मुलगी पडलेल्या असतात. त्या दोघींची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटते. तो पांढराफटक दिसतो तो या राखेमुळे. रंग नव्हे, राख!

ज्यांनी ग्रीक पुराणं वाचली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. ही मुळात हरक्युलिसची गोष्ट आहे. हेराने लावलेल्या वेडाच्या झटक्यात हरक्युलिस स्वतःची मुलं मारतो (काही ठिकाणी बायकोही), आणि ते पाप फेडायला बारा कामं करतो. जॅफीच्या टीमने हे पाप क्रेटॉसच्या खात्यात टाकलं. नावाची गंमत त्याहून भारी. ग्रीक पुराणात क्रेटॉस खरोखर आहे. तो म्हणजे मूर्तिमंत ताकद, स्टिक्सचा मुलगा, नायकीचा भाऊ आणि झ्यूसचा हुकमाचा ताबेदार. इस्किलसच्या नावावर असलेल्या 'प्रॉमिथियस बाउंड' या नाटकात प्रॉमिथियसला कड्याशी जखडताना लोहारदेवाच्या डोक्यावर उभा राहून घाई करतो तो हाच. पुराणातला क्रेटॉस झ्यूसचा शिपाई, तर गेममधला झ्यूसचा काळ.

आता बटणांकडे येऊ.

चौकोन म्हणजे हलका वार, त्रिकोण म्हणजे जोरदार वार, आणि गोल म्हणजे पकड. शत्रू अर्धमेला झाला की त्याच्या डोक्यावर गोलाचं चिन्ह लुकलुकायला लागतं. ते दाबलं की मिनोटॉरच्या घशात पातं जातं, मेड्युसाचं मुंडकं उपटलं जातं. स्क्रीनवर बटण दाखवायचं आणि ते वेळेत दाबायला लावायचं ही युक्ती नवी नव्हती, 'शेनमू'ने (१९९९) ती गाजवली होती. पण इथे ती हत्येला जोडली गेली. खेळणाऱ्याच्या अंगठ्याला दोन-तीन तासांत सवय लागते: गोल दिसला की दाबायचा. विचार करायचाच नाही.

आणि मग शेवटच्या लढाईत एरीस क्रेटॉसला एका भ्रमात ढकलतो. तेच देऊळ, तीच बायको, तीच मुलगी, आणि त्यांना मारायला चारी बाजूंनी येणारे शेकडो क्रेटॉस. त्यांना अडवायचं. दोघींचा जीव कमी व्हायला लागला की जवळ जाऊन मिठी मारायची, म्हणजे क्रेटॉसचा जीव त्यांना मिळतो. मिठीचं बटण कुठलं? गोल.

गेले दहा तास ज्या बटणाने आपण मुंडकी उपटली, त्याच बटणाने आता मिठी मारायची. एकही संवाद न लिहिता सांगितलेली ही गोष्ट आहे. हे हात एवढंच शिकलेत, हे त्यातून कळतं. लढाई आपण जिंकतो, एरीस मरतो. मग अथेना सांगते की देवांनी तुझं पाप माफ केलंय, पण आठवणी काही पुसता येणार नाहीत. तेव्हा तो कड्यावरून उडी टाकतो. देव त्याला मरूही देत नाहीत, उलट एरीसच्या रिकाम्या गादीवर बसवतात. माफी मिळाली, झोप नाही मिळाली.

थोडं तांत्रिक. (वीकेंडला तरी कामाचं बोलू नये, पण राहवत नाही.) प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. आज फोनवर काढलेले चार-पाच फोटो तेवढे होतात. तेवढ्यात यांनी अथेन्स शहर, त्यावर उभा डोंगराएवढा एरीस आणि क्रोनसच्या पाठीवर बांधलेलं पँडोराचं मंदिर बसवलं. युक्ती अशी की कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात दिलाच नाही. खेळणारा कुठून काय बघणार हे आधीच ठरलेलं असलं की जे दिसणार नाही ते बनवायची गरजच उरत नाही. सिनेमाचा सेट असतो तसं, समोरून राजवाडा, मागून बांबू. आणि दोन मोठ्या जागांच्या मध्ये लांबलचक बोळ टाकायचे. आपण बोळातून धावतो तोवर डिस्कवरून पुढची जागा उचलली जाते. 'लोडिंग' असं लिहून थांबवणं जवळजवळ नाहीच.

पण या ठरलेल्या कॅमेऱ्याचा गोष्टीवरही परिणाम झाला. क्रेटॉस कायम लांबून दिसतो, मुंगीसारखा, भल्यामोठ्या देवळांच्या पायाशी. त्याचा चेहरा जवळून फारसा बघायला मिळत नाही. लांबून पाहिलं की हिंसाही नक्षीसारखी दिसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मार्च २००७ मध्ये 'गॉड ऑफ वॉर २' आला, दिग्दर्शक कोरी बारलॉग. तोवर प्लेस्टेशन ३ बाजारात येऊन काही महिने झाले होते, तरी यांनी जुन्याच मशीनवर गेम काढला आणि त्याचा शेवटचा थेंब पिळला. ऱ्होड्सच्या पुतळ्याबरोबरची सुरुवातीची लढाई आजही बघण्यासारखी आहे. कथेत झ्यूस क्रेटॉसला मारतो, गाया त्याला वाचवते, आणि मग कळतं की झ्यूसच त्याचा बाप. इथे ग्रीक पुराणाची सगळ्यात जुनी गाठ येते. युरेनसला त्याचा मुलगा क्रोनस पाडतो, क्रोनसला त्याचा मुलगा झ्यूस. प्रत्येक बाप मुलाला घाबरतो आणि त्या भीतीपोटीच मुलाला शत्रू करतो. हिसियडने 'थिऑगनी'त सांगितलेली ही साखळी झ्यूसपाशी थांबते. गेमने तिला आणखी एक कडी जोडली.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, पीएसपीवर 'चेन्स ऑफ ऑलिंपस' आला. बनवला होता रेडी ॲट डॉनने. छोट्या पडद्याचा गेम म्हणून अनेकांनी सोडून दिला. पण माझ्या मते मालिकेतला सगळ्यात क्रूर क्षण त्यात आहे आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. क्रेटॉसला मृतांच्या स्वर्गात त्याची मुलगी कॅलिओपी भेटते. तिच्याजवळ राहायचं तर शस्त्रं आणि ताकद टाकावी लागते. त्याच वेळी पर्सेफोनी जग बुडवायला निघालेली असते आणि जग बुडालं तर मुलगीही जाणार. म्हणजे तिला वाचवायचं तर तिला सोडायचं. ती बिलगलेली असते आणि स्क्रीनवर गोल चिन्ह येतं. पुन्हा पुन्हा दाबायचं. प्रत्येक दाबणीला क्रेटॉस तिला थोडं थोडं दूर ढकलतो. ती पुन्हा बिलगते. आपण पुन्हा दाबतो.

हेच व्हिडिओमध्ये दाखवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी आपल्याला दाबायला लावलं.

मग मार्च २०१०, 'गॉड ऑफ वॉर ३', दिग्दर्शक स्टिग ॲस्मसन. हा सूडाचा शेवट. पोसायडन मरतो तो प्रसंग आपण मरणाऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, म्हणजे क्रेटॉसचे अंगठे आपल्याच डोळ्यांत येतात. हेलिऑसचं मुंडकं हाताने उपटून पुढे कंदिलासारखं वापरायचं. हर्मीसचे पाय कापायचे. आणि प्रत्येक देवाबरोबर जगाचा एक तुकडा मरतो. पोसायडन गेला की समुद्र जमिनीवर येतो, हेलिऑस गेला की सूर्य झाकला जातो, हर्मीस गेला की रोगराई, हेरा गेली की झाडं वाळतात. मोठा डावच म्हणायचा: बदला हवा ना? घे. पण खाली लोक बुडतायत ते कोण बघणार?

यात न आवडणारंही खूप आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. याच गेममध्ये एका बांधलेल्या, अर्धनग्न बाईला ओढत नेऊन दाराच्या चाकात अडकवायचं, म्हणजे दार उघडं राहतं आणि ती चिरडते. जवळजवळ प्रत्येक जुन्या गेममध्ये पलंगावरचा एक 'मिनी गेम' होता. २०१३ च्या 'असेन्शन'मध्ये तर एका ट्रॉफीचं नाव बायकांबद्दल इतकं हलकट होतं की टीकेनंतर पॅच काढून ते बदलावं लागलं. 'क्रेटॉस वाईट आहे हे दाखवायचंय' ही सबब थोडी चालते, सगळी नाही. बनवणाऱ्यांना मजा येत होती हे स्पष्ट दिसतं.

इथे थोडं आपल्याकडचं. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'हनुमान: बॉय वॉरियर' आला होता, हैदराबादच्या एका कंपनीने बनवलेला. त्यावर आक्षेप आला की आराध्य दैवताला असं बटणांनी नाचवणं बरोबर नाही. गेम कसा होता ते सोडा (फार बरा नव्हता). पण पुढच्याच वर्षी क्रेटॉस अख्खं ऑलिंपस कापून काढतो आणि त्यावरून कुठे मोर्चा निघत नाही. कारण उघड आहे. झ्यूसच्या देवळात आज तिकीट काढून जातात, नारळ घेऊन नाही. ज्या देवांचे भक्त उरले नाहीत, त्यांची गोष्ट कोणीही कशीही सांगू शकतो. त्यामुळे ग्रीक देव मोकळे झाले की पोरके, हे ज्याने त्याने ठरवावं.

असो. तिसऱ्या गेमचा शेवट. झ्यूस पडलेला आहे, आपण क्रेटॉसच्या डोळ्यांतून बघतोय, स्क्रीनवर गोल चिन्ह. दाबलं की ठोसा. परत दाबलं, परत ठोसा. हळूहळू सगळा पडदा लाल होतो, काही दिसेनासं होतं. तरी दाबत राहिलं तर ठोसे पडतच राहतात. गेम थांबवत नाही. किती वेळ? आपण दाबणं थांबवू तेवढा वेळ.

पाच वर्षं त्यांनी अंगठ्याला शिकवलं होतं की गोल दिसला की दाब. आता पहिल्यांदाच बटण सोडणं हीच चाल होती.

यानंतर गोष्ट संपायला हवी होती. पण २०१३ मध्ये 'असेन्शन' आला, पहिल्या गेमच्याही आधीची कथा घेऊन आणि सोबत मल्टिप्लेअर जोडून. दिसायला सुंदर, सांगायला नवीन काही नाही. २०१४ च्या सुरुवातीला स्टुडिओत बरीच माणसं कमी केली गेली आणि ॲस्मसनच्या हाताखाली चाललेला नवा गेम रद्द झाला. ज्यांनी आपला प्रोजेक्ट असा एका मीटिंगमध्ये संपलेला पाहिलाय त्यांना त्या दिवसाचा वास सांगायला नको.

मधल्या काळात बारलॉग बाहेर जाऊन परत आला होता. दरम्यान तो बाप झाला होता, आणि तेच त्याने कामात आणलं. क्रेटॉसला कुठल्या पुराणात न्यायचं यावर स्टुडिओत इजिप्त की उत्तर युरोप असा वाद झाला, उत्तर युरोप जिंकला. २० एप्रिल २०१८ ला नवा 'गॉड ऑफ वॉर' आला. क्रेटॉसचा आवाजही बदलला, टी. सी. कार्सनच्या जागी ख्रिस्तोफर जज आला. कित्येक जुन्या लोकांना हे अजून पचलेलं नाही.

आता बघा त्यांनी काय काय उलटं केलं.

लांबचा कॅमेरा क्रेटॉसच्या खांद्याशी आणला आणि पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत एकदाही 'कट' केला नाही. आता चेहरा लपवता येत नाही. शांतता आली की तिच्यातच उभं राहावं लागतं. राख पुन्हा आहे, पण यावेळी ती अंगाला चिकटलेली नाही. दुसऱ्या बायकोच्या अस्थी पिशवीत घेऊन बाप-लेक सगळ्यात उंच शिखराकडे निघालेत, कारण तिची तशी इच्छा होती. आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अस्थी घेऊन निघालेल्या बाप-लेकात किती बोलणं होतं हे ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे.

आणि बटणं? वार करण्याची बटणं वरच्या बाजूला, बोटांखाली गेली. गोल बटण दार ढकलायला, पेटारा उघडायला, मुलाला उंच उचलायला आलं. जुना हलका वार होता ते चौकोन बटण मुलाला दिलं. ते दाबलं की ॲट्रियस बाण मारतो. सुरुवातीला बाण फार काही करत नाहीत. गेम संपेपर्यंत अशी वेळ येते की अडचणीत सापडलो की अंगठा आपोआप चौकोनाकडे जातो. मुलावर विसंबणं क्रेटॉस शिकायच्या आधी आपला अंगठा शिकतो.

मध्यावर ॲट्रियस आजारी पडतो. औषधासाठी ज्या जगात जायचं तिथे बर्फाची कुऱ्हाड चालणार नाही. मग क्रेटॉस घरी येतो, जमिनीखाली पुरलेली ती दोन पाती बाहेर काढतो. इतका वेळ मनगटावर बांधलेल्या पट्ट्या सुटतात आणि साखळ्यांचे व्रण दिसतात. समोर अथेनाची आकृती उभी राहून हिणवते की तू किती लपवलंस तरी राक्षसच राहणार. तो ते नाकारत नाही. आहे म्हणतो, पण तुझा नाही. जुन्या सहा-सात गेम्समधला सगळा आरडाओरडा या एका शांत उत्तरासाठी होता असं मला वाटतं.

शेवटी तो मुलाला सांगतो की मी माझ्या बापाला मारलंय. युरेनसपासून चालत आलेली साखळी तिथे तुटते. बापाने मुलाला घाबरायचं सोडून खरं सांगितलं, एवढंच तर झालं.

या गेमला २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून निवडलं गेलं आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत त्याच्या २ कोटी ३० लाख प्रती खपल्या. त्याच महिन्यात एरिक विल्यम्सचा 'रॅग्नरॉक' आला. पहिल्याच आठवड्यात ५१ लाख. त्याच्या अखेरीस ॲट्रियस आपली वाट धरतो आणि क्रेटॉस त्याला जाऊ देतो. 'चेन्स ऑफ ऑलिंपस'मध्ये मुलीला ढकलणारे हात आठवा. इथे ढकलावं लागत नाही, फक्त सोडावं लागतं.

आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी 'वॅलहाला' फुकट वाटलं. क्रेटॉस स्वतःच्याच आठवणींत शिरतो. हेलिऑसचं तेच मुंडकं पुन्हा हातात येतं, आणि आता ते बोलतं, टोमणे मारतं, आणि ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यात शेवटी समोर बसलेला असतो तरुण क्रेटॉस, ऑलिंपसच्या गादीवर. तिथे तुंबळ लढाई होईल असं वाटतं. पण म्हातारा क्रेटॉस त्याच्याशी बोलतो. त्याला माफही करत नाही, नाकारतही नाही. तो मीच होतो, एवढं म्हणायला २००५ पासून १८ वर्षं लागली.

मालिका मऊ पडली म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. देव मारणं सोपं होतं, त्याला एक बटण पुरत होतं. नंतर त्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न होता, आणि त्याला बटण नव्हतं.

जुनं कन्सोल माळ्यावर पडलं असेल तर एकदा काढून बघा. डिस्क ओरखड्यांतून वाचली असेल तर झ्यूसपर्यंत जा, आणि तो लाल पडदा आला की बघा, आपला अंगठा किती वेळाने थांबतो.